हजेरीत लिहिलंय

माझ्या जिभेला हाड नाही, हे मी दरवर्षी पहिल्याच दिवशी वर्गात सांगून टाकायचो. एकदा सांगितलं की पुढे काहीही बोलायला मी मोकळा, असा माझा हिशेब. सत्तावीस वर्षं सातवीला गणित शिकवतोय आणि सत्तावीस वर्षांत कुणी म्हणालं नाही की सरांचा तास कंटाळवाणा असतो. याचा मला गर्व होता. आता तो आठवला तरी कानशिलं तापतात.

माझी पद्धत अशी होती. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस व्हायच्या आत वर्गातल्या एकूण एक पोराला मी नाव ठेवून टाकायचो. कुजबुजला तरी चार खोल्यांपलीकडे ऐकू जायचं, तो भोंगा. अर्ध्या गुणासाठी माझ्या टेबलाशी येऊन वाद घालायची ती वकिलीणबाई. वही कधी आणणार विचारलं की एकच उत्तर देणारा तो उद्या. लिहायची कमी आणि खोडायची जास्त ती खोडरबर. हजेरी मी नंबराने घ्यायचो, कारण पटकन होते, आणि बाकीचा दिवस ही नावं चालायची. पोरं हसायची. ज्याला नाव मिळालं तोही हसायचा. मी समजायचो की नाव ठेवलं म्हणजे पोरगं आपल्या वर्गाचं झालं. जुनी मुलं रस्त्यात भेटली की स्वतःच सांगायची, सर, ओळखलं का, मी ढोलकी. मग माझी छाती फुगायची.

या वर्षी तिसऱ्या बाकावर खिडकीशी एक बारकी मुलगी बसायची. गणित सगळ्यांच्या शेवटी व्हायचं तिचं. झाल्यावरसुद्धा वही द्यायची नाही. शेवटच्या ओळीवर बोट ठेवायची आणि एकेक पायरी वर चढत पहिल्या ओळीपर्यंत जायची. उत्तर बरोबर असायचं, पण तोवर माझा पुढचा धडा सुरू झालेला असायचा. तिसऱ्या दिवशी मी फळ्याशी उभा राहून, हाताची घडी घालून, सगळ्या वर्गाला तिच्याकडे बघायला लावलं आणि म्हणालो, चला, आपली गोगलगाय येतेय, वाट द्या. वर्ग खदखदला. तीही हसली. ती हसली होती, हे मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला पुरावा म्हणून दाखवत होतो.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, यंदा एक नवीन तास काढला. शुक्रवारी शेवटचा अर्धा तास, मुलांनी स्वतःला ओळखावं, पडलं झडलं तर उठून उभं राहता यावं, त्यासाठी. महिन्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक बाईंनी त्याचे कागद तयार करून दिले होते. हा तास माझ्या गळ्यात पडला तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत यथेच्छ टवाळी केली. म्हटलं, आम्हाला कुणी ओळखायला शिकवलं नव्हतं, तरी आरशात बघून दाढी करतोच ना.

पहिल्या शुक्रवारचा कागद सोपा होता. दहा ओळी, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला "मी" छापलेलं, पुढचं मुलांनी भरायचं. मी कागद वाटले, खरं लिहा, पाल्हाळ नको, असं बजावलं, आणि सवयीने तिसऱ्या बाकाकडे बघून पुस्ती जोडली की गोगलगायीने कृपा करून आजच द्यावा. तिने सगळ्यांच्या आधी आणून दिला. मी म्हणालो, अरे वा. एवढंच माझ्या लक्षात आलं.

शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत मी आणि चित्रकलेच्या बाई दोघंच उरलो होतो. बाई ब्रश धूत होत्या. म्हटलं, चला, थोडी करमणूक करू, आणि मी कागद मोठ्याने वाचायला घेतले. भोंग्याने लिहिलं होतं, मी भोंगा आहे, मी हळू बोललो तर कुणाला खरं वाटत नाही. मी हसलो. खोडरबरने तीन ओळी खोडून चौथीत लिहिलं होतं, मी खोडरबर आहे. मी पुन्हा हसलो. एकाने लिहिलं होतं, मी टाचणी सरांच्या वर्गात आहे. टाचणी सर कोण, मी बाईंना विचारलं. बाईंनी नळ बंद केला आणि ब्रश जरा जास्तच काळजीने पुसायला घेतले.

मला कळायला दोन क्षण लागले. टाचणी म्हणजे मी. फुग्याला लावली की फुगा बसतो, ती टाचणी. त्रेपन्नाव्या वर्षी, एवढ्याशा पोरांनी ठेवलेलं एक नाव मला असं लागलं की मी खुर्ची ओढून बसलो. पण मी गडी पक्का. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पुढचा कागद उचलला आणि त्याच नाटकी आवाजात वाचायला लागलो.

तो तिचा होता. अक्षर नेहमीसारखं गोल नव्हतं, पळत लिहिल्यासारखं होतं. "मी गोगलगाय आहे. मी सगळ्यांचा वेळ खाते. मी डबा अर्धाच खाते, कारण घंटा होते. मी आता जिना पळत उतरते. मी आता भरभर बोलते, आईला कळत नाही. मी आधी गणित मागून पुढे तपासायचे. मी आता तपासत नाही. मी चाचणी सगळ्यांच्या आधी दिली. मी वीसपैकी चार आहे."

दहाव्या ओळीत छापलेलं "मी" तेवढं होतं. पुढे कोरं.

तिसऱ्या ओळीपासूनच मला समजलं होतं की हे हसण्याचं नाही. तरी माझा आवाज त्याच सुरात शेवटपर्यंत गेला, इतकी ती सवय अंगात मुरलेली. वीसपैकी चार हे शब्दसुद्धा मी नाटकी काढले. मग कागद टेबलावर ठेवला.

ती चाचणी मला आठवली. पंधरा दिवसांपूर्वीची. तिने सगळ्यांच्या आधी पेपर आणून टेबलावर ठेवला होता, धापा टाकत, जणू पळत आली होती. डोळ्यांत काहीतरी अपेक्षा होती. मी म्हणालो होतो, गोगलगायीला चाकं लागली वाटतं. आणि पेपर परत देताना, वीस गणितांतली बहुतेक चुकलेली बघून, मी तो पेपर दोन बोटांत धरून सगळ्या वर्गाला दाखवला होता. गोगलगाय धावली की काय होतं बघा, म्हणालो होतो. वर्ग हसला होता. या वेळी ती हसली की नाही, हे मी पाहिलंच नव्हतं.

"तुम्ही सांगितलेलंच लिहिलंय तिने," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. पिशवी उचलली आणि गेल्या. मला त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शनिवार-रविवार मी ठरवत राहिलो की सोमवारी तिला बाजूला बोलावून काय म्हणायचं. सोमवारी ती आली नाही. आणि लाज वाटते सांगायला, पण रिकामा बाक बघून मला आधी हायसं वाटलं. मंगळवारीही आली नाही. बुधवारी मी भोंग्याला विचारलं की गोगल... आणि जीभ चावली. तिसऱ्या बाकावरची मुलगी का येत नाही, असं फिरवून विचारलं. त्याला माहीत नव्हतं. मी तिला इतक्या महिन्यांत दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलीच नव्हती, हे तेव्हा पहिल्यांदा बोचलं, पण मी ते बाजूला सारलं.

गुरुवारी ऑफिसमधल्या क्लार्कने मला थांबवलं. तुमच्या वर्गातल्या एका मुलीची आई दाखला मागायला आली होती, म्हणाला. शाळा सोडल्याचा. वर्षाच्या मधेच. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, मुलीला शाळा झेपत नाही. मी तो अर्ज वाचला आणि मेल्याहून मेल्यासारखा झालो. तिला न झेपलेली ती शाळा नव्हती, तो मी होतो, आणि रकान्यात माझं नाव लिहायचंही तिच्या आईने टाळलं होतं.

मी मोठ्या बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं, कागदासकट. चाचणीचा प्रसंग गाळावा असं फार वाटत होतं, पण तोही सांगितला. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. सोमवारी मी अर्जावर सही करणार, तोवर तुम्हाला काय करायचं ते करा, आणि तिथे जाऊन स्वतःचं रडगाणं गाऊ नका, एवढंच म्हणाल्या.

अर्जावर आईच्या कामाचा पत्ता होता. पुस्तकबांधणीचं दुकान. शनिवारी सकाळी मी तिथे गेलो. एका लांबट खोलीत दोन टेबलं, कडेला पुठ्ठ्यांचे गठ्ठे, खळीचा आंबूस वास. तिची आई उभ्याने काम करत होती. जाड सुई, मेणाचा दोरा, आणि कागदांच्या घडीतून दर वेळी तेवढ्याच अंतरावर निघणारा टाका. तिने मला ओळखलं, कारण पालकसभेत तिने माझे विनोद ऐकले होते. या सर, म्हणाली, आणि काम थांबवलं नाही. कोपऱ्यातल्या टेबलाशी मुलगी बसली होती. शिवलेलं एक जाड रजिस्टर तिच्यासमोर होतं. ती शेवटच्या पानापासून सुरुवात करून अंगठ्याने एकेक पान उचलत पुढे येत होती, पानावरचे आकडे उतरत्या क्रमाने बघत.

मी बघत राहिलो. आईच्या ते लक्षात आलं असावं. तिने सांगितलं की पानं पुढून तपासली की डोळा सरावतो, पुढचा आकडा तो न बघताच धरून चालतो, आणि सुटलेलं पान सुटूनच जातं. मागून आलं की प्रत्येक आकडा बघावाच लागतो. हे तिला तिच्या बापाने शिकवलं, तिने मुलीला शिकवलं. तुमच्या शाळेची हजेरीची रजिस्टरं आम्हीच बांधतो, असंही म्हणाली. त्यात आजवर एक पान कमी निघालेलं नाही.

म्हणजे मी ज्याला गोगलगाय म्हटलं होतं ते हे होतं. एका घरातली तीन पिढ्यांची कामाची रीत, आणि मी तिच्यावर पोरांना हसवलं होतं.

मी मुलीच्या टेबलाशी गेलो. उभा राहूनच बोललो, कारण बसायची माझी लायकी आहे असं वाटेना. म्हणालो, मी तुझी चेष्टा केली, चुकलो. तुझा पेपर वर्गाला दाखवला, ते तर फारच वाईट केलं. तू जसं तपासायचीस तसंच बरोबर होतं, माझी घाई चूक होती. हे सगळं मी घरून घोकून आलो होतो आणि ते खरंही होतं. तिने पान उचलायचं थांबवलं, मान वर केली. तिचा चेहरा थोडा सैल झाला. इथे मी थांबायला हवं होतं.

पण माझी जीभ. चेहरा सैल झालेला दिसला की तिला चेव चढतो. मला वाटलं, वाईट नाव दिलं ते काढून घेतलं, आता चांगलं द्यावं. म्हणालो, आजपासून तू गोगलगाय नाहीस, तू आमच्या वर्गाची तपासनीस. सोमवारी सगळ्यांसमोर जाहीर करतो बघ.

तिचा चेहरा मिटला. तेव्हा वर्गात ती हसली होती ना, तेच हसू तिच्या तोंडावर आलं, आणि जवळून बघताना मला कळलं की ते हसू नव्हतंच कधी.

"सर, हे पण तुम्हीच ठेवलंत," ती म्हणाली.

आईची सुई थांबली. मी काहीतरी पुटपुटलो, की बरं, मग नको, मग काय म्हणू तुला.

"माझं नाव म्हणा. हजेरीत लिहिलंय."

आणि मला ते आठवेना.

ते पोर सहा महिने माझ्यासमोर बसलं होतं. तिचा नंबर मला माहीत होता, एकोणीस. तिचे गुण माहीत होते, तिचं अक्षर माहीत होतं, तिच्या आईचं दुकान आता माहीत होतं. दोन दिवसांपूर्वी अर्जावर तिचं नाव वाचलं होतं, पण डोळे गेले ते कारणाच्या रकान्याकडे, कारण तिथे माझी लाज होती. नाव नजरेखालून गेलं आणि राहिलं नाही. मी काहीतरी अंदाजाने बोलून वेळ मारून नेऊ शकलो असतो. एक-दोन नावं जिभेवर आलीही. मी तिच्या आईकडे पाहिलं नाही, पाहण्याची हिंमत नव्हती.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, तिचं चाक कुरकुरत लांब गेलं. आईने दोरा दाताने तोडला. मला वाटलं, आता म्हणेल, निघा सर. तिने तसं म्हटलं असतं तर ते योग्यच होतं.

मुलगीच बोलली. तिने आपलं नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग मधलं, मग आडनाव, प्रत्येकाच्या मधे श्वास घेऊन, भरभर नाही. मी ते तिच्यासमोर एकदा म्हटलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. तिच्या नावाशी मी आधीच पुरेसा खेळ केला आहे, आणि ते कुणाला सांगायचं हे आता तिचं तिने ठरवायचं.

खिशातला तिचा शुक्रवारचा कागद मी टेबलावर ठेवला. हा तुझा आहे, माझ्याकडे राहायला नको, म्हणालो. तिने तो घेतला, घडी उलगडली, खालपासून वरपर्यंत बघितला आणि रजिस्टराखाली सरकवला. निघताना मी आईला विचारलं, अर्ज मागे घ्याल का. ती म्हणाली, शाळेत तिला जायचंय, मला नाही. तीच ठरवेल. तिला वेळ लागतो. शेवटचं वाक्य ती माझ्याकडे बघून म्हणाली, आणि मी मान खाली घातली.

परतताना मी शाळेतून हजेरीचं रजिस्टर घरी आणलं आणि रविवारी नावं पाठ केली. मोठ्याने, स्वयंपाकघरात. बायकोने विचारलं की या वयात कसली परीक्षा आहे. एकेचाळीस नावं. त्यातली पंचवीसेक मला धड येत नव्हती. भोंग्याचं खरं नाव इतकं नाजूक आहे की मला ते तीनदा म्हणावं लागलं.

सोमवारी वर्गात गेलो. तिसऱ्या बाकावर खिडकीशी ती होती. दप्तर अंगावरून उतरवलं नव्हतं. दप्तर पाठीवर असलेलं मूल म्हणजे अजून ठरवायचं बाकी असलेलं मूल, एवढं सत्तावीस वर्षांत कळतं. खाली ऑफिसात अर्ज टेबलावर पडला होता आणि पेनचं टोपण निघालेलं होतं.

मी आधी वर्गाला सांगितलं की मी तुम्हाला नावं ठेवली, ते चूक होतं. कुणाला कशामुळे काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही, तेही चूक. आणि मला टाचणी म्हणतात ते मला कळलंय, ते बरोबर आहे. आजपासून मी तुमची नावं घेणार. वर्ग हसला. त्यांना वाटलं, सरांचा नवीन विनोद. मी हसलो नाही, तसं हसू हळूहळू विरलं. भोंग्याने हात वर करून विचारलं, सर, मला भोंगा आवडतं, मग मी काय करू. मी म्हणालो, मित्रांना म्हणू दे तुला हवं तर, मी म्हणणार नाही. त्याने यावर बराच विचार केला आणि खाली बसला.

मग रजिस्टर उघडलं. एक नंबरपासून, नावाने. पोरं दचकून हजर म्हणत होती. वकिलीणबाईने माझा एक उच्चार सुधारला. उद्याला स्वतःचं नाव ऐकून कळलंच नाही, शेजाऱ्याने कोपर मारल्यावर तो उभा राहिला.

एकोणीस आला. मी तिचं नाव घेतलं. आधी तिचं, मग मधलं, मग आडनाव, तिने सांगितलं होतं तसं.

उत्तर आलं नाही. मुलं वळून तिच्याकडे बघायला लागली. एकाने तोंड उघडलं, आणि काय म्हणणार होता ते मला माहीत होतं, कारण ते मीच त्याच्या तोंडात घातलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प बसला. मी पुढचं नाव घेतलं नाही. पेन कागदावर टेकवून उभा राहिलो. तिचे ओठ हलत होते, आवाज न करता. ती नाव तपासत होती. आडनाव, मग मधलं, मग स्वतःचं.

"बरोबर आहे, सर," ती म्हणाली.

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं, हजर म्हणायचं सोडून हे काय म्हणून. ती वळली नाही. तिने दप्तर पाठीवरून उतरवलं, बाकाखाली नीट ठेवलं, त्यातून गणिताची वही काढली. मी तिच्या नावापुढे हजेरी मांडली आणि वीस नंबरचं नाव घेतलं.